नाण्यावरची उठलेली रेघ: शिवराईवर ठशाची झीज आणि तडा कसा ओळखायचा

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं जुनं नाणं, हातात आली की बहुतेक जण आधी अक्षरं वाचतात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. मी आधी रेघा बघतो, अक्षरांच्या नसलेल्या रेघा. शिरोरेषेच्या टोकापासून निघून कडेच्या बिंदूंपर्यंत गेलेली केसाएवढी रेघ, किंवा दोन अक्षरांच्या मधून वाकडीतिकडी धावलेली रेघ, जिचा मजकुराशी काहीच संबंध नसतो. ही सवय नाणी जमवायला लागण्याच्या आधीची आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका टूलरूममध्ये मी 31 वर्षं डाय फिटर होतो. स्विचच्या पितळी पट्ट्या, डब्यांची झाकणं, वॉशर, बकल, असल्या मालाच्या डाय बनवायच्या, प्रेसवर बसवायच्या आणि तडकल्या की रात्री थांबून दुरुस्त करायच्या. प्रेसखालून आलेल्या तुकड्यावर नको ती रेघ दिसली की आधी प्रेस थांबवून डाय उतरवायची, हे हाताला लागलेलं वळण आहे.

नाणं हाही ठोकून काढलेला तुकडाच. प्रेसच्या जागी माणसाचा हात आणि घण, एवढाच फरक. नाण्याची डाय म्हणजेच ठसा, अक्षरं कोरलेला लोखंडी ठोकळा. खालचा ठसा ऐरणीत किंवा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, चकतीवर वरचा ठसा उभा धरायचा आणि घण घालायचा. दिवसभर हेच. अशा कामात ठसा झिजणार आणि कधीतरी तडकणार हे ठरलेलं. झिजलेला, तडकलेला ठसा टांकसाळीत लगेच फेकून देत नसत, कारण नवा कोरायला कोरीव कारागिराचे दिवस जातात. म्हणून आज आपल्या हातात येणाऱ्या जुन्या नाण्यांत थकलेल्या ठशांची नाणी भरपूर असतात. ती वाचायची कशी, ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो.

आधी उलटा विचार करायचा

ठशावर अक्षर उलटं आणि खोल कोरलेलं असतं. घण बसला की तांबं त्या खोलगट जागेत शिरतं आणि नाण्यावर अक्षर सुलटं होऊन वर येतं. ठशावर जिथे खड्डा, तिथे नाण्यावर उंचवटा. आता तडा म्हणजे काय? ठशातला अरुंद खड्डाच. दाबाखालचं तांबं अक्षरात जसं शिरतं तसंच तड्यातही शिरतं. म्हणून ठशाचा तडा नाण्यावर नेहमी उठलेल्या रेघेच्या रूपात येतो.

उलट, नाणं पाडून झाल्यावर त्याला कुणी खिळ्यानं ओरखडलं, शेतात नांगराचा फाळ लागला, सोनारानं धातू तपासायला कानस मारली, तर ती रेघ आत जाते. चकती ठोकताना कडेला फाटली तर ती फटही आत जाते आणि बहुतेक वेळा आरपार असल्यामुळे दुसऱ्या बाजूलाही तिथेच दिसते. उठलेली रेघ ठशाची, खोल गेलेली रेघ नाण्याची. याला एक अपवाद लक्षात ठेवावा. घण घालताना ठसा आणि चकती यांच्यामध्ये काडी, धागा, धातूचा कीस असं काही आलं तर त्याची छाप नाण्यात खोल उमटते. पण ती एकाच नाण्यावर असते. ठशाचा तडा त्या ठशाच्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर येतो.

रेघ उठलेली आहे की खोल हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायला जाऊ नका, डोळा फसतो. दहापट दाखवणारं भिंग घ्या. टेबल लॅम्प बाजूला, अगदी खाली ठेवा, म्हणजे उजेड नाण्यावर तिरपा पडेल. नाणं बोटांत कडेनं धरून हळूहळू पूर्ण गोल फिरवा. एका कोनात एकही रेघ दिसत नाही आणि पाव फेरा फिरवला की ती लख्ख समोर येते, असं माझ्या बाबतीत कितीदा झालंय. मग त्याच उजेडात जवळचं एखादं अक्षर बघा. अक्षर तर नक्की उठलेलं आहे. अक्षराची उजळ कड डावीकडे आणि सावली उजवीकडे असेल, आणि रेघेचीही उजळ कड डावीकडेच असेल, तर रेघ उठलेली. उलटं असेल तर ओरखडा. मोबाइलवर कुणी पाठवलेल्या फोटोलाही हीच कसोटी लावायची, कारण फोटोत उजेड खालून आला असेल तर आपलं मन उंचवट्याला बिनदिक्कत खड्डा समजतं. नाणं आपल्या हातात असेल आणि तरी शंका राहिली, तर लाकडी टूथपिकचं टोक रेघेवरून आडवं, अगदी हलकं न्या. उठलेल्या रेघेवर ते चढतं, ओरखड्यात पडतं. टाचणी किंवा सुई कधीही वापरू नका. आणि चिंच, लिंबू, ब्रासो यांतलं काहीही नाण्याला लावू नका. तांब्यावरचा तो काळपट हिरवा थर गेला की त्याच्यासोबत केसासारख्या रेघाही जातात.

आमच्या टूलरूममध्ये तडा शोधायची एक जुनी रीत होती. डाय उतरवून पुसायची, तिच्यावर रॉकेल फिरवायचं, जरा वेळ मुरू द्यायचं, मग कोरड्या फडक्यानं चकचकीत पुसून वरून खडू फासायचा. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्या खडूवर एक ओली काळसर रेघ उमटायला लागायची. आत गेलेलं रॉकेल तड्यातून परत वर यायचं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा 19 वर्षांचा होतो, आणि डाय मला धड दिसत होती. मिस्त्रींनी माझं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. पुढे पहिली तडकलेली शिवराई भिंगाखाली बघितली तेव्हा ती खडूवरची रेघच आठवली. ठसा कधीच मोडीत गेला, पण त्याच्या तड्यात शिरलेलं तांबं नाण्यावर उभं आहे.

झीज नाण्याची की ठशाची?

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. पुसट नाणं दिसलं की लोक म्हणतात, फार चाललेलं आहे. पुसटपणाला तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचं रूप वेगळं असतं.

पहिलं, हातोहात फिरून झिजलेलं नाणं. शिवराई पार एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात चालली, तेव्हा अशी भरपूर मिळतात. यात सगळ्यात उंच भाग आधी जातो. अक्षरांचे माथे सपाट आणि गुळगुळीत होतात, तिथल्या तांब्याचा रंग बाजूच्यापेक्षा वेगळा, जरा उजळ दिसतो. पण अक्षराच्या पायथ्याची कड, जिथे ते सपाटीला भेटतं, ती बऱ्यापैकी धारदार राहते. वापरलेल्या साबणावरचं नाव आठवा.

दुसरं, झिजलेल्या ठशातून निघालेलं नाणं. ठशावर उंच काय असतं? मोकळी सपाटी आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा. घणाच्या दर फटक्याला तांबं मधून कडेकडे सरकतं आणि त्या कडांवर घासतं. त्यामुळे आधी कडा गोल होतात. नाण्यावर मग अक्षराचा पायथाच पसरतो, अक्षर सपाटीत विरघळल्यासारखं दिसतं. पहाटेच्या रांगोळीवर पावसाचे चार थेंब पडावेत तसं. अक्षर उंच असूनही त्याला कड नाही, ही खूण. शिवाय मोकळ्या जागेवर बारीक खडबड येते आणि कडेजवळ मधून बाहेर जाणाऱ्या नाजूक रेषा दिसतात, उन्हाच्या किरणांसारख्या. या रेषा दिसल्या तर नाणं हातोहात फार फिरलेलं नाही, ठसाच थकलेला होता, असं मी बिनधास्त लिहून ठेवतो, कारण फिरलेल्या नाण्यावर त्या टिकतच नाहीत.

तिसरं, फटका कमी पडलेलं नाणं. चकती नीट तापवून मऊ केली नव्हती, घण तिरका बसला, किंवा समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना खोल कोरीव काम होतं आणि तांबं दोन्हीकडे पुरलं नाही. अशा वेळी नाण्याचा एक भाग तल्लख आणि दुसरा गायब असतो. गायब भागात नीट बघा. तिथे चकतीची मूळची खरखरीत त्वचा तशीच असते, हातोड्याचे ठोके, कापल्याच्या खुणा. झिजलेल्या नाण्यावर ही त्वचा राहणं शक्य नाही. नाणं उलटवून त्याच जागेच्या मागे काय आहे तेही तपासा. दोन्हीकडे एकाच जागी मजकूर मुका असेल तर दोष फटक्याचा आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा नीट कळली, म्हणून सांगतो. ठसा भरतो. चरबी, काजळी, तांब्याचा कीस, सगळं मिळून अरुंद रेघांमध्ये घट्ट बसतं. वेलांटी, रफार, अनुस्वार यांसारख्या बारीक जागा आधी बुजतात. नाण्यावर ती वेलांटी येतच नाही, आणि कारागिरानं ठसा साफ केला की पुढच्या नाण्यावर पुन्हा हजर. म्हणून एखादी मात्रा नाही एवढ्यावरून ठसा वेगळा ठरवू नका.

गंजाचंही असंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंड किती पटकन धरतं हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. जूनमध्ये शनिवारी ग्रीस न फासता ठेवलेली डाय सोमवारी तपकिरी झालेली मी पाहिली आहे. गंज ठशात बारीक खड्डे पाडतो आणि नाण्यावर त्यांच्या उठलेल्या पुटकुळ्या येतात, एकाच भागात दाटीनं. जमिनीत पुरून राहिलेल्या नाण्याला गंज लागला तर त्याचे खड्डे आत जातात. इथेही नियम तोच.

ठसा दबतोसुद्धा. लोखंडाला पाणी कमी बसलं, म्हणजे ते पुरेसं कडक झालं नाही, तर मधला भाग हळूहळू खाली बसतो आणि नाण्याच्या मध्यावर न कोरलेला फुगवटा येतो. पाणी जास्त बसलं तर ठसा कडक होतो पण काचेसारखा तडकतो. या दोन टोकांच्या मधला कडकपणा नेमका साधणं हे ठसा करणाऱ्याचं खरं कसब. आम्हाला भट्टीचं तापमान दाखवायला मीटर होता. त्या माणसांनी तापलेल्या लोखंडाच्या रंगावर हे साधलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तडा कुठून सुरू होतो

डाय सहसा मधल्या सपाट भागातून तडकायला सुरुवात करत नाही. जिथे आतला कोपरा टोकदार, तिथे ताण साठतो आणि तिथूनच ती फुटते. आम्ही म्हणूनच प्रत्येक आतल्या कोपऱ्याला थोडी गोलाई द्यायचो. ठशात असे टोकदार कोपरे म्हणजे अक्षरांची टोकं. देवनागरीत तर शिरोरेषा असते, सरळ, लांब, खोल खाचच. माझ्याकडच्या तडकलेल्या शिवरायांत सगळ्यात जास्त वेळा तडा शिरोरेषेच्या टोकातून निघून जवळच्या बिंदूकडे गेलेला दिसतो. कडेची बिंदूंची माळही धोक्याची. शेजारी शेजारी भोकं पाडलेला कागद जसा त्याच ओळीत फाटतो, तसा तडा एका बिंदूतून दुसऱ्यात उड्या मारत जातो. नाण्यावर मग बिंदूंना ओवणारी दोरी दिसते. दुदांडी शिवराईवर मध्ये दोन आडव्या दांड्या असतात, नावच त्यावरून पडलं. तिथे मधली लांब रेघ दिसली की घाईनं तडा म्हणू नका. दांडी सरळ असते आणि तिची जाडी सारखी असते. तडा वळणं घेतो, सुरुवातीला जाड आणि टोकाला केसासारखा होतो, आणि अक्षर मध्ये आलं तर त्याला छेदून पलीकडे जातो.

दोन ठशांपैकी वरचा आधी जातो. घण थेट त्याच्या डोक्यावर बसतो, खालच्याला ऐरणीचा आधार असतो. म्हणून एकाच खालच्या ठशाबरोबर वापरलेले दोन-तीन वरचे ठसे सापडतात. तुमच्याकडे एका बाजूनं जुळणारी आणि दुसऱ्या बाजूनं न जुळणारी नाणी असतील, तर जी बाजू बदलत गेली तो बहुधा वरचा ठसा.

माझ्या पाच शिवराया

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं ते दाखवतो. माझ्याकडे एकाच ठशाच्या पाच शिवराया आहेत. पाचही 10 ते 11 ग्रॅमच्या मधल्या. एकाच ठशाच्या कशावरून? अक्षरांच्या वळणावरून नाही, एकच कारागीर दोन ठसे सारखे कोरू शकतो. मी अंतरं मोजतो. नाण्याचा फोटो एकाच मापात छापून घेतो, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून ‘रा’चं पोट, ‘जा’चा काना आणि वरच्या ‘श्री’ची टोकं टिंबांनी मांडतो, टिंबं जोडून त्रिकोण काढतो. तोच कागद दुसऱ्या नाण्याच्या फोटोवर ठेवला आणि तिन्ही टिंबं बसली तर ठसा एक. हातानं कोरलेल्या दोन ठशांत तिन्ही टिंबं कधी बसत नाहीत. शिवराईची चकती ठशापेक्षा लहान असते, त्यामुळे एका नाण्यावर डावी कड येते, दुसऱ्यावर उजवी. पाच कागद एकावर एक ठेवले तेव्हा मला पहिल्यांदा पूर्ण ठसा दिसला.

पहिल्या नाण्यावर तडा नाही, अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत. दुसऱ्यावर ‘राजा’च्या शिरोरेषेच्या उजव्या टोकापासून बिंदूपर्यंत केसासारखी रेघ, दोन मिलिमीटरही नाही. तिसऱ्यावर तीच रेघ दुसऱ्या टोकालाही वाढली, ‘ज’ आणि काना यांच्या मधून खाली ‘शिव’कडे उतरली. चौथ्यावर ती ‘जा’च्या वर जिथे शिरोरेषेला छेदते, तिथे एक ठळक गोल टिंब आहे. पाचव्यावर उजवी कडच नाही. ठशाचा तेवढा तुकडा निखळून पडला होता, त्याच्या जागी तांब्याचा ओबडधोबड उंचवटा आहे आणि बिंदूंची माळ तिथे थांबते.

त्या चौथ्या नाण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण या सगळ्याला सुरुवात तिथून झाली. ठाण्यातल्याच एका प्रदर्शनात एका विक्रेत्यानं मला ते ‘अनुस्वारवाली, नवा प्रकार’ म्हणून दिलं. शिवराईवरच्या मजकुराच्या लिखाणात खूप वैविध्य आहे, ‘शिव’ आणि ‘सिव’ असे फरक खरोखर आहेत, आणि वेगळं लिखाण असलेल्या नाण्याला जास्त पैसे पडतात. ‘राजा’वर टिंब म्हणजे ‘राजां’, असं तो म्हणाला. साध्या शिवराईच्या आठपट पैसे मी दिले. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर टिंबाच्या दोन्ही बाजूंनी एक रेघ निघत होती. तडा वाढताना त्याच्या तोंडाशी ठशाची बारीक खपली उडाली, तो खड्डा तांब्यानं भरला, आणि नाण्यावर अनुस्वार उगवला. पुढच्या चार वर्षांत बाकीची चार मिळाली. पहिल्या तीनवर टिंब नाही. ठसा कोरणाऱ्यानं अनुस्वार दिला असता तर तो पहिल्या नाण्यापासून दिसला असता. मला त्या व्यवहाराचं वाईट वाटलं ते आजही वाटतं. विकणाऱ्याला फरक कळायला हवा होता आणि विचारल्यावर त्यानं भिंग लावायला हवं होतं.

म्हणून वेगळं अक्षर दाखवून कुणी जास्त पैसे मागितले तर टिंबाच्या, मात्रेच्या, वेलांटीच्या आजूबाजूची जागा आधी बघा. कोरलेल्या टिंबाची उंची बाकीच्या अक्षरांइतकी असते, आकार स्वच्छ असतो. खपलीचं टिंब बेढब असतं आणि बहुतेकदा त्याला शेपूट असतं. शेपूट म्हणजे तडा.

नाण्यांचा क्रम लावताना एक खबरदारी घ्या. तडा वाढतो, कमी होत नाही, म्हणून लांब तड्याचं नाणं नंतरचं. पण झिजलेल्या नाण्यावर तडा पुसला गेलेला असू शकतो. अशा नाण्यावर तडा शोधायचा तर अक्षरांच्या खोबणीत, बिंदूंच्या आडोशाला शोधा, तिथे तो टिकतो. मोकळ्या सपाटीवर तो नाही म्हणून नाणं आधीचं ठरवू नका. आणि कारागीर कधी कधी झिजलेल्या ठशावर छिन्नी फिरवून रेघा पुन्हा खोल करायचा. अशा नाण्यावर एखाद्याच अक्षराची कड दुहेरी दिसते. घणाचा फटका दोनदा बसला तर मात्र सगळाच मजकूर एकाच दिशेला सरकून दुहेरी होतो. एकच अक्षर दुहेरी की सगळी, एवढं बघितलं की गोंधळ राहत नाही.

तड्यानं नकली नाणंही पकडता येतं, आणि हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ओतून केलेल्या नकलेत मूळ नाण्याचा तडाही येतो, त्यामुळे तडा आहे म्हणजे अस्सल असं समजू नका. पण दोन नाण्यांवर तडा तोच, मजकूर कडेपासून तेवढाच सरकलेला, चकतीचा वाकडा कोपरा तोच आणि वर एक खोल ओरखडाही त्याच जागी, असं दिसलं तर दोन्ही एकाच साच्यातली. ठसा एक असू शकतो, पण हातानं कापलेली चकती आणि नंतर पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर सारखा असणं अशक्य. भिंगाखाली सपाटीवर गोल बारीक छिद्रं, हवेच्या बुडबुड्यांची, दिसली तर उरलीसुरली शंकाही संपली.

ठशाच्या माथी मारू नये असं

काही नाणी बघून वाटतं की ठसा पार संपला होता. कोकणात सापडणाऱ्या गधैया नाण्यांवर राजाचा चेहरा ओळखू येत नाही, मागचं अग्निकुंड म्हणजे नुसत्या रेघा आणि टिंबं. ठाण्याच्या शिलाहारांपैकी छित्तराजाचं नाव असलेलीही आहेत. हा झिजेचा परिणाम मुळीच नाही. इराणच्या सासानी राजा पेरोजच्या, 459 ते 484 मधल्या, नाण्यांची नक्कल झाली, मग नकलेची नक्कल, पिढ्यानपिढ्या. कारागिरानं समोर जे दिसलं ते कोरलं. कडा धारदार असतात, चेहराच उरलेला नसतो. हे लक्षात आलं की त्या नाण्यांवर वेगळाच जीव जडतो.

पश्चिमी क्षत्रप या शक राजांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्ष ब्राह्मी अंकांत असतं. ब्राह्मीत 1, 2, 3 म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. तिथून तडा आडवा गेला तर 2 चा 3 वाचला जाऊ शकतो. त्या राजाची बाकीची वर्षं काय सांगतात ते आधी बघावं आणि मगच सालाबद्दल बोलावं. आणि नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या 13,000 हून अधिक नाण्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली छाप पुन्हा मारली. चेहऱ्यावर चैत्य, म्हणजे कमानींच्या टेकडीसारखं चिन्ह, चढलेला दिसतो, खालून ग्रीक अक्षरं डोकावतात. तिथे ठसे चांगले आहेत, नाणंच दुसऱ्यांदा ठोकलं आहे.

यंत्रावर पाडलेली नाणीही तड्यांतून सुटत नाहीत. कंपनी सरकारची मुंबई इलाख्यासाठी 1791 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेली तराजूवाली तांब्याची नाणी बघा. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1793 पासून पाडलेल्या मोठ्या सेंटच्या संग्राहकांनी तर तड्यांवरून नाण्यांचा क्रम लावायचं काम फार पुढे नेलं. तिकडच्या 1804 च्या अर्ध्या सेंटवर स्वातंत्र्यदेवीच्या हनुवटीतून काटा आल्यासारखं दिसतं. ठशाला इजा झाली होती, आणि आज ते नाणं त्या काट्याच्याच नावानं ओळखलं जातं. आपल्या शिवरायांवर एवढ्या बारकाईनं घरोघरी काम व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. नाणी आपल्या माळ्यावरच्या डब्यांत पडली आहेत. लागतो फक्त एक टेबल लॅम्प आणि भिंग.

नोंद ठेवताना प्रत्येक नाण्याला कागदाचं वेगळं पाकीट करा, प्लॅस्टिकचं नको, दमट हवेत त्यात हिरवं बुरशीसारखं धरतं. पाकिटावर वजन, व्यास, कुठून मिळालं ते, आणि तड्याचं छोटं चित्र पेन्सिलीनं काढा. घड्याळाची जागा लिहिली की शब्द वाचतात: ‘तडा, 2 वाजता, शिरोरेषेपासून बिंदूपर्यंत’. नात शाळेतून आली की ही चित्रं ती काढते, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. माझ्या पाच पाकिटांत चौथ्या आणि पाचव्याच्या मधे तिनं एक रिकामं पाकीट ठेवलंय, वर पेन्सिलीनं अंदाजानं तडा काढून. टिंब आहे पण कड अजून निखळलेली नाही, तडा मात्र बिंदूंच्या माळेतून पुढे गेलेला, असं नाणं मधे असायलाच हवं, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे. जांभळी नाक्याला भांड्यांच्या मोडीत आलेली जुनी तांब्याची नाणी दिसली की आम्ही दोघं ते पाकीट सोबत घेऊन जातो.